कुंडी भंडारा आणि छोटूचा कॉम्प्युटर

भुसावळ सोडलं की मी खिडकी सोडत नाही. रावेरच्या पुढेमागे रुळांच्या दोन्ही बाजूंना केळीच्या बागा लागतात. त्या बघता बघता महाराष्ट्र कधी संपला आणि मध्य प्रदेश कधी सुरू झाला, ते कळतच नाही. केळी तीच, काळी माती तीच आणि डब्यात चढणाऱ्या माणसांची बोलीही जवळजवळ तीच. नदीचं नाव तेवढं बदलतं. आपली तापी तिथे 'ताप्ती' होते. मग लालबागच्या बाजूचं स्टेशन येतं आणि माझं आजोळ येतं : बुऱ्हाणपूर.

आपल्या मंडळातल्या बऱ्याच मुलांना बुऱ्हाणपूर इतिहासाच्या पुस्तकातूनच माहीत असतं. फारुकी सुलतानांची खानदेशची राजधानी, मग मोगलांचं दक्षिणेचं दार. पुरंदरचा तह करणारा मिर्झाराजा जयसिंह १६६७ मध्ये इथेच वारला, त्याची छत्री शहराबाहेर आहे. १६८१ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने हे श्रीमंत शहर लुटलं. पुढे ते पेशव्यांकडे आणि मग शिंद्यांकडे आलं. मुमताजमहल १६३१ मध्ये इथेच गेली. ताजमहाल आग्र्याला झाला, पण तिला आधी तापीच्या पलीकडे, जैनाबादच्या बाजूला पुरलं होतं.

मला मात्र लहानपणापासून बुऱ्हाणपूर म्हणजे खडखडाट. शनवाऱ्यापासून थोडं आत मामाचं घर आहे आणि घराला लागून मागांची शेड. दिवसरात्र पॉवरलूम चालायचे. सुट्टीत आम्ही भावंडं तिथे गेलो की पहिल्या रात्री झोप लागायची नाही आणि परत इंदूरला आलो की आवाजाशिवाय झोप लागायची नाही.

या मे महिन्यात गेले तेव्हा शेड गप्प होती. सहापैकी चार माग मामाने विकले होते.

"कुणी चालवायला राहिलं नाही गं," मामा म्हणाला. "आणि ज्याला चालवायचे होते, त्याला दुसरंच काही चालवायचंय."

तो 'दुसरंच काही चालवणारा' म्हणजे माझा मामेभाऊ, ज्याला बाविसाव्या वर्षीही सगळे छोटूच म्हणतात. तो लग्नांचं शूटिंग करतो, घरी बसून एडिटिंग करतो आणि रात्री दोस्तांबरोबर गेम खेळतो. मी पुण्यात व्हिडिओ एडिटिंगच्या कामात आहे, म्हणून मला खास बोलावणं होतं. मागांचे आलेले पैसे आणि छोटूची हंगामातली कमाई मिळून दीड लाख रुपये जमले होते. त्यातून कॉम्प्युटरचे पार्ट घेऊन नवीन मशीन बांधायचं होतं.

मामीने चहा देतानाच विचारलं, "खरं सांग, हे कामासाठी आहे की खेळण्यासाठी?"

"दोन्हीसाठी, मामी," मी म्हणाले. "एकच मशीन दोन्ही करू शकतं. फक्त नीट निवडावं लागतं."

छोटूने आधीच यादी करून ठेवली होती. निम्म्याहून जास्त पैसे एकट्या ग्राफिक्स कार्डाला. प्रोसेसर स्वस्त पडावा म्हणून 'एफ' अक्षराचा. १६ जीबी रॅमची एकच पट्टी. समोर काच असलेलं, रंगीत दिव्यांचं कॅबिनेट आणि त्याच्यासोबत फुकट येणारा, नाव नसलेला पॉवर सप्लाय. स्टोरेजला १ टीबीचा एक एसएसडी. बॅकअपसाठी काहीच नाही. यूपीएसही नाही.

वाचकहो, ही यादी त्याची एकट्याची नाही. पहिल्यांदा मशीन बांधणाऱ्या दहांपैकी आठजण अशीच यादी करतात. जो भाग दिसतो, ज्याबद्दल दोस्त विचारतात, त्यावर सगळा खर्च आणि बाकीचं उरलंसुरलं.

मी यादी बाजूला ठेवली. "आधी जुनं मशीन दाखव. ते कुठे अडतं ते बघू."

जुनं मशीन आठ वर्षांचं. मी छोटूला मागच्या लग्नाचं काम उघडायला सांगितलं आणि टास्क मॅनेजर चालू ठेवला. पाच मिनिटांत चित्र स्पष्ट झालं. ८ जीबी रॅम पूर्ण भरली होती. रॅम भरली की कॉम्प्युटर उरलेला माल हार्ड डिस्कवर ठेवू लागतो, म्हणून डिस्कही १०० टक्क्यांवर. प्रोसेसर धापा टाकत होता. आणि ज्याच्यावर अर्धे पैसे खर्च होणार होते, ते ग्राफिक्स कार्ड बहुतेक वेळ रिकामं बसलं होतं. त्याच्यापर्यंत काम पोचतच नव्हतं.

मग तापमान दाखवणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं. प्रोसेसर ९६ अंशांवर! एवढा तापला की तो स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो. आम्ही मशीन बंद केलं, बाजूचा पत्रा काढला आणि छोटू ओशाळून हसला. आत पंख्याखालच्या पट्ट्यांवर कापसाची रुई इतकी जमली होती, की जणू कुणी छोटी दुलई शिवून घातली आहे. मागांच्या शेडला लागून खोली, दुसरं काय होणार? ब्रश आणि ब्लोअर घेऊन अर्धा तास साफसफाई केली. पुन्हा तेच काम चालवलं, तर तापमान ७८. एक रुपयाही खर्च न करता.

पत्र्याला हात लावताना मला झिणझिण्याही आल्या. "हे नेहमीचं आहे," छोटू सहज म्हणाला. म्हणजे घराला अर्थिंग धड नव्हतं.

रात्री गच्चीवर गाद्या घातल्यावर त्याने खरी गोष्ट सांगितली, जी त्याने फोनवर सांगितली नव्हती. मागच्या हंगामात एका लग्नाची हळद त्याच्याकडून गेली. कॅमेऱ्याची कार्डं रिकामी करून सगळं एकाच हार्ड डिस्कवर ठेवलं होतं. कार्डं पुढच्या लग्नात वापरली. आणि एका रात्री लाईट तीनदा गेली-आली, त्यानंतर डिस्क उघडलीच नाही. लग्नाचा दिवस दुसऱ्या कॅमेऱ्यात होता म्हणून वाचला. हळदीचा एकही क्षण राहिला नाही. त्याने सगळे पैसे परत केले.

"मुलीचे वडील रागावले असते तर बरं झालं असतं, ताई," तो म्हणाला. "ते फक्त म्हणाले, आता काय करणार, बेटा. मोहल्ल्यातलेच आहेत. रोज दिसतात."

मी काही बोलले नाही. त्याच्या नव्या यादीत बॅकअपचं नाव का नव्हतं, ते मात्र मला कळलं. ज्या जागी लागलेलं असतं, तिकडे आपण बघत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत मी त्याला म्हटलं, "चल, कुंडी भंडारा बघून येऊ." बुऱ्हाणपूरच्या माणसाला कुंडी भंडारा बघायला चल म्हणणं म्हणजे मुंबईकराला गेट वे बघायला नेण्यासारखं. छोटू शाळेच्या सहलीनंतर गेलाच नव्हता. गंमत म्हणजे मामाही पायात चपला सरकवून तयार झाला.

ज्यांनी पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. जहांगीर बादशहाच्या काळात अब्दुर्रहीम खान-ए-खाना बुऱ्हाणपूरला सुभेदार होता. हो, तोच रहीम, ज्याचे दोहे तुम्ही हिंदीच्या पुस्तकात पाठ केले असतील. शहराला आणि छावणीला पाणी कमी पडत होतं. सातपुड्याच्या डोंगरांतून जमिनीखाली झिरपत तापीकडे जाणारं पाणी वाटेतच अडवायचं, अशी ही योजना १६१५ मध्ये झाली. फारसी भूगर्भतज्ज्ञ तबकुतुल अर्ज याचं नाव तिच्याशी जोडलेलं आहे. इराणात अशा भुयारी कालव्यांना कनात म्हणतात. जमिनीखाली एक लांब बोगदा आणि त्यावर थोड्या थोड्या अंतरावर उभ्या विहिरी, त्याच कुंड्या. त्या शंभराहून अधिक आहेत. वरून बघितलं तर शेतात एका ओळीत गोल कठडे दिसतात. २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत याचं नाव आलं.

खाली जायला लिफ्ट आहे. सुमारे ८० फूट उतरलो. वर मे महिन्याचं ऊन आणि खाली एकदम गारवा, पायाशी वाहतं पाणी आणि माथ्यावर नाण्याएवढा उजेड. क्षणभर कुणीच बोललं नाही.

"पंप कुठे आहे?" छोटूने विचारलं.

"नाही. पंप नाही, मोटर नाही, वीज नाही. नुसता उतार. पाणी आपलं आपण चालतं, आणि पुढे जाली करंजपाशी जमा होऊन तिथून नळांनी शहरात जायचं."

"आणि एवढ्या कुंड्या कशाला मग?"

याचं उत्तर मामाने दिलं. "खोदताना माती वर काढायला. आत हवा खेळती राहायला. आणि नंतर उतरून साफ करता यावं म्हणून. नाहीतर एकदा बुजलं की संपलं."

भिंतींवर पांढरा थर जमलेला दिसत होता. पाण्यातला चुना शेकडो वर्षं साचत गेला आहे आणि बोगदा काही ठिकाणी अरुंद झाला आहे. छोटूने त्यावरून हात फिरवला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आपली रुई."

मी त्याला तिथे काही शिकवायला नेलं नव्हतं. मला खरंच ते पुन्हा बघायचं होतं. पण वर आल्यावर निंबाखाली बसून आम्ही यादी नव्याने लिहायला घेतली, तेव्हा पहिला प्रश्न त्यानेच विचारला, "म्हणजे आधी बघायचं, पाणी कुठून येतं आणि कुठे अडतं?"

हो. तेवढंच बघायचं. लग्नाचं फुटेज कार्डावरून डिस्कवर येतं, डिस्कवरून रॅममध्ये, मग प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड त्यावर काम करतात आणि तयार फिल्म पुन्हा डिस्कवर जाते. वाटेतला एक भाग अरुंद असला, तर बाकीचे कितीही रुंद करा, वेग त्या अरुंद भागाचाच राहतो.

आम्ही ठरवलेलं सांगते. तुमच्या घरातही कुणी मशीन बांधायला निघालं असेल, तर विचार करायला उपयोगी पडेल.

प्रोसेसर : 'एफ' अक्षराचा नको. इंटेलच्या 'एफ' प्रोसेसरमध्ये आतलं ग्राफिक्स नसतं. छोटूचा कॅमेरा एच.२६५ पद्धतीने रेकॉर्ड करतो. जागा वाचवण्यासाठी त्यात प्रत्येक चित्र पूर्ण साठवलेलं नसतं, मागच्या चित्रापेक्षा काय बदललं एवढंच बरेचदा असतं. एडिटिंग करताना मशीनला ते सगळं पुन्हा उलगडावं लागतं, आणि इंटेलच्या आतल्या ग्राफिक्समध्ये या कामासाठी वेगळा भाग असतो. नव्या ग्राफिक्स कार्डांतही ही सोय आहे. पण ऐन लग्नसराईत कार्ड दुरुस्तीला गेलं तर? आतलं ग्राफिक्स असलं की स्क्रीन तरी चालू राहते आणि काम हळूहळू का होईना पुढे सरकतं. म्हणून कोअर आय-५ १४५०० घेतला. तो मध्यम ताकदीचा आहे आणि फार तापतही नाही.

रॅम : १६ ची एक नको, १६-१६ च्या दोन पट्ट्या. म्हणजे ३२ जीबीही होते आणि दोन वाटांनी माल येतो-जातो. गेमला १६ पुरली असती, पण ४के फुटेजला नाही.

ग्राफिक्स कार्ड : इथे खरी ओढाताण झाली. छोटू दा विंची रिझॉल्व्ह वापरतो. ते सॉफ्टवेअर रंगकामात आणि नॉइज काढताना ग्राफिक्स कार्डावर बराच भार टाकतं, आणि कार्डाची स्वतःची मेमरी कमी पडली तर सरळ अडतं. म्हणून सगळ्यात वेगवान कार्ड नको, पण मेमरी भरपूर हवी. आरटीएक्स ५०६० टीआय हे १६ जीबीचं कार्ड निवडलं. हेच कार्ड ८ जीबीतही मिळतं, डब्यावर नाव जवळजवळ तेच. घेताना नीट वाचा. छोटू जास्त करून व्हॅलोरंट खेळतो. ते हलकं आहे, त्याला एवढं कार्डही भरपूर झालं. मोठे गेमही या कार्डावर आरामात चालतात, फक्त सगळी सेटिंग्ज शेवटच्या टोकाला नेता येणार नाहीत. यावर तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "चालेल."

इथे मामीच्या प्रश्नाचंही उत्तर द्यायला हवं. छोटूच्या वर्गातली निम्मी मुलं सुरतला, इंदूरला, पुण्याला गेली. तो राहिला. रात्री दहानंतर त्या गेममध्ये सगळे एकत्र येतात, खेळतात कमी आणि बोलतात जास्त. आपल्या आधीच्या पिढीचा कट्टा होता, यांचा हा आहे. त्यासाठी वेगळे पैसे लागले नाहीत, हे मी मामीला समजावलं. तिला अर्धं पटलं.

स्टोरेज : चालू कामासाठी १ टीबीचा वेगवान एनव्हीएमई एसएसडी. साठवणीसाठी ४ टीबीची हार्ड डिस्क. आणि तेवढीच दुसरी, बाहेरून जोडायची. नियम सोपा आहे : प्रत्येक कामाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक प्रत दुसऱ्या घरात. तिसरी डिस्क लालबागच्या मावशीच्या कपाटात जाणार, असं ठरलं. दोन प्रती झाल्याशिवाय कॅमेऱ्याचं कार्ड पुसायचं नाही, हे छोटूने स्वतःच यादीच्या वर लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

पॉवर सप्लाय : हा भाग मामाने निवडला, असं म्हटलं तरी चालेल. मी सांगत होते की ग्राफिक्स कार्ड १८० वॅटपर्यंत घेतं, प्रोसेसर जोरात असला की दीडशेच्या आसपास, बाकीचं वेगळं. कंपनी या कार्डाला ६०० वॅटचा सप्लाय सांगते. छोटू म्हणाला, मग कमीत भागेल की. मामा गादीवरून उठून बसला.

"मोटर सुरू होताना किती ओढते, माहीत आहे? चालू झाल्यावर लागते त्याच्या कितीतरी पट. आम्ही नेहमी त्या हिशेबाने तार घालायचो. बेताची तार घातली की आधी ती जळते आणि मग मागचं सगळं."

कार्डसुद्धा मधूनच क्षणभर जास्त ओढतं, हे मी सांगायच्या आत त्याला कळलं होतं. ६५० वॅटचा, गोल्ड दर्जाचा, चांगल्या कंपनीचा सप्लाय ठरला. त्यासोबत यूपीएस, लाईट गेल्यावर काम सेव्ह करून मशीन नीट बंद करण्यापुरता. आणि सगळ्यात आधी अर्थिंग. दुसऱ्याच दिवशी मामाने ओळखीचा इलेक्ट्रिशियन बोलावून अंगणात खड्डा खणवला, मीठ-कोळसा घालून नवीन अर्थिंग करून घेतलं. या एका कामाचं नाव कुठल्याही गेमिंग मशीनच्या यादीत नसतं.

कॅबिनेट आणि पंखे : समोर काच नको, जाळी हवी. जाळीमागे काढून धुता येणारं फिल्टर. आत हवा घेणारे पंखे तीन आणि बाहेर टाकणारा एक. म्हणजे आत हवेचा दाब थोडा जास्त राहतो आणि फटीफटीतून रुई शिरत नाही, जी येते ती फिल्टरमधूनच येते. पाण्यावर चालणारा कूलर छोटूला फार आवडला होता. पण कुठलाही कूलर खोलीतल्या हवेपेक्षा प्रोसेसर थंड करू शकत नाही, आणि बुऱ्हाणपूरला मे महिन्यात पारा ४४-४५ च्या घरात असतो. शिवाय त्याचा पंप बिघडला तर गावात दुरुस्ती कुठे? साध्या हवेच्या कूलरमध्ये फिरणारी एकच वस्तू, पंखा. तो कुठेही मिळतो. उरलेल्या पैशांत २७ इंची, रंग नीट दाखवणारा आयपीएस मॉनिटर बसला. कीबोर्ड-माऊस जुनेच.

तिसऱ्या दिवशी आम्ही बसने इंदूरला निघालो. वाटेत असीरगडाची कडा लागते. १६०१ मध्ये अकबराने किती महिने खपून तो गड घेतला, ते मामा मला लहानपणी सांगायचा, ते मी छोटूला सांगितलं. मोरटक्क्याला नर्मदा ओलांडली. इंदूरला दिवसभर दुकानं फिरलो. प्रत्येक पार्टचं पक्कं बिल घेतलं, वॉरंटी कुठे मिळणार ते विचारलं आणि संध्याकाळी सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाऊन, खोकी मांडीवर घेऊन परतलो. रंगीत दिव्यांचे दोन पंखे त्याने घेतलेच. मीही काही म्हटलं नाही.

जोडणी मामाच्या शेडमध्ये झाली, रिकाम्या जागेत, जिथे माग होता तिथे टेबल लावून. आधी जमीन ओल्या फडक्याने पुसली. हात लावण्याआधी दर वेळी लोखंडाला स्पर्श करायचा, अंगातली स्थिर वीज उतरवायला. प्रोसेसर बसवताना छोटूचे हात थरथरत होते. मामा टॉर्च धरून उभा होता. रात्री साडेअकराला बटण दाबलं.

पंखे फिरले. दिवे लागले. स्क्रीन मात्र काळी.

एक मिनिट. दोन मिनिटं. "जळला काय?" मामा हळूच म्हणाला. छोटूच्या चेहऱ्यावर ती डिस्कवाली रात्र दिसत होती. मी त्याचा हात बटणावरून काढला. "थांब. नवीन डीडीआर-५ रॅम पहिल्यांदा स्वतःची जुळणी करते. वेळ लागतो." बाहेरून सांगत होते, पण आतून मीही मोजत होते. चौथ्या मिनिटाला स्क्रीन उजळली. मामीने खिडकीतून विचारलं, "झालं का?" आणि उत्तराची वाट न बघता सगळ्यांसाठी दराबा घेऊन आली. रव्याची ही मऊ मिठाई बुऱ्हाणपुरात मिळते तशी मला दुसरीकडे कुठे मिळालेली नाही.

मी दोन दिवसांनी निघाले. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी छोटू त्या हळदीवाल्यांच्या घरी जाऊन आला. त्याने विचारलं, पाहुण्यांपैकी कुणाकुणाकडे मोबाईलवर काढलेलं काही आहे का. घरच्यांनी त्यांच्या ग्रुपवर निरोप टाकला. आत्यांनी, मावश्यांनी, शाळकरी पोरांनी जे पाठवलं ते आडवं, उभं, हललेलं, अंधारं, कुठे आवाज नाही, कुठे नुसता गोंगाट. पुढचे तीन आठवडे नव्या मशीनवर त्याने तेवढंच केलं. अंधारं उजळलं, हललेलं सावरलं, आवाज साफ केले. अकरा मिनिटांची फिल्म झाली. पैसे घेतले नाहीत.

ती दाखवली त्या रात्री त्याचा मला फोन आला. "काही बोलले नाहीत, ताई. दोनदा बघितली. मग वडील म्हणाले, पुढच्या वर्षी धाकटीचं आहे, तारीख लिहून ठेव."

"किती प्रती केल्यास?" मी विचारलं.

"तीन. एक लालबागला."

मंडळी, आमची यादी जशीच्या तशी उतरवून घेऊ नका. पार्ट दर वर्षी बदलतात, भावही. आम्ही घेतल्यानंतर रॅमचे भाव तर चांगलेच चढले आहेत. तुमचं गाव दुसरं, हवा दुसरी, काम दुसरं. आधी जुनं मशीन उघडून ते कुठे अडतं ते बघा. कदाचित अर्धं काम ब्रशनेच होईल.

आणि कधी भुसावळच्या पुढे जाणं झालं, तर एक दिवस बुऱ्हाणपूरला उतरा. सकाळी कुंडी भंडारा, दुपारी शाही किल्ल्यातला हमाम आणि त्याच्या छतावरची चित्रं, संध्याकाळी राजघाटावर तापी आणि निघताना गरम मावा जलेबी. मामाच्या शेडमधले दोन माग अजून चालतात. छोटूने खोली बदलून मशीन घराच्या दुसऱ्या टोकाला नेलंय, आणि दर रविवारी फिल्टर काढून धुतो. मामा सांगतो, मागांनाही तो आता तसंच साफ करतो.